वजन जमिनीवर टाकणाऱ्या भारतीताई

भारतीताई मला आधी ऐकू आल्या आणि मग दिसल्या. भाईंदरच्या ज्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये मी जायचे तिथे खाटांच्या मध्ये हिरवे पडदे होते. पडद्याच्या अलीकडे मी भिंतीवरून बोटं वर वर चालवत होते. शस्त्रक्रियेनंतर उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्याचा तो व्यायाम. पलीकडून एक बाई तिथल्या तरुण फिजिओला दमात घेत होती, "अगो, दाब ना जोरात! गुडगा हाय माजा, पापड न्हाय मोडायला."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं असावं, कारण फिजिओ मुलगी माझ्याकडे येऊन म्हणाली, "आज मूड चांगलाय, मॅडम." मग तिने नेहमीचा प्रश्न विचारला. हा हात बरा झाला की मला त्याने सगळ्यात आधी काय करायचंय? पेशंटसमोर काहीतरी ध्येय असावं म्हणून ती सगळ्यांना विचारायची. बाकीच्या बायका केस विंचरायचेत, पोळ्या लाटायच्यात असं सांगत असाव्यात. मी म्हटलं, "कॅमेरा उचलायचाय."

पडदा सर्रकन बाजूला झाला. उंच, रुंद खांद्यांची, पन्नाशीपुढची एक बाई खाटेवर पाय लांब करून बसली होती. गुडघ्यावर जुन्या टाक्यांचा व्रण होता. तिने ना नाव विचारलं ना आजार. विचारलं ते एवढंच, "लेन्स कुठली?"

मी सांगितली. मोठी, पक्ष्यांसाठी घेतलेली, तान्ह्या मुलाएवढी जड. आजारपण यायच्या आधी माझ्या पन्नासाव्या वाढदिवसाला नवऱ्याने, सुधीरने, घेऊन दिली होती. जेसल पार्कच्या खाडीवर मी ती जेमतेम एक हिवाळा वापरली. मग छातीतली गाठ सापडली, शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठीही काढल्या, आणि डॉक्टरांनी बजावलं की या हातावर वजन तोलून धरायचं नाही, सूज येईल. लेन्स कपाटात गेली. ती विकून टाक असं मी सुधीरला दोनदा म्हटलंही होतं. तो ऐकू न आल्यासारखं करायचा.

हे सगळं मी आमच्या इमारतीत कुणालाही सांगितलं नव्हतं. एका अनोळखी बाईला मात्र पडद्याच्या फटीतून सांगून मोकळी झाले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग हातावर कशाला घेतेस, बाय? वजन जमिनीवर टाकायचा. एकपायी घे. मोनोपॉड. मी बगते तुना कुठला पायजे ते."

अशा भारतीताई माझ्या आयुष्यात आल्या.

त्या राई गावच्या. घराण्याची मिठागरं होती. आता तिथे किती टॉवर उभे आहेत ते मीरा-भाईंदरमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको. तरुणपणी त्या कबड्डी खेळायच्या, जिल्ह्याच्या संघातून. एका सामन्यात गुडघा गेला आणि खेळ सुटला. मग त्यांनी कॅमेरा हातात घेतला. लग्नं, साखरपुडे, बारशी ही पोटापाण्याची कामं. पण आसपास कुठेही मुलींचे कबड्डीचे सामने असले की त्या हातातलं काम उरकून तिथे हजर. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का ते मी कधी विचारलं नाही, आणि न विचारता त्यांनी सांगितलेल्या असंख्य गोष्टींत ती नव्हती.

बोलणं म्हणजे एक मिसळ होती. घरी आगरी, माझ्याशी बोलताना अर्धं आगरी अर्धं शाळेतलं मराठी, दुकानदाराशी हिंदी, आणि लग्नाच्या गुजराती वऱ्हाडाला "जरा पासे आवो ने" असं हाकारायच्या. भाषा कुठलीही असो, आवाज एकाच पट्टीत. आपल्या फोटो स्टुडिओत बसून फोनवर बोलल्या की समोरच्या रिक्षा स्टँडवरचे लोक उत्तर द्यायचे.

मोनोपॉड आणायला आम्ही फोर्टातल्या एका जुन्या कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. निघताना त्यांनी फोनवर बजावलं होतं, "तुजा कॅमेरा, तुजी लेन्स, दोन्ही घेऊन ये. चप्पल घ्यायला कुनी पाय घरी ठेवून जात न्हाय." लेन्सचं ओझं अर्थात त्यांनीच खांद्याला लावलं. पिशवी उघडून पाहिली आणि कपाळावर हात मारला. "हिची कॉलर कुठंय?"

लेन्सच्या गळ्याभोवती एक कडं येतं, खाली पाय असलेलं. उगाच वजन म्हणून मी ते काढून खोक्यात ठेवलं होतं. भारतीताईंनी मला दुकानाच्या दारातच समजावलं. लेन्स एवढी जड असली की मोनोपॉड कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचा नाही. लावलास तर पुढचा भार खाली ओढणार आणि कॅमेऱ्याचं तोंड उखडणार. मोनोपॉड लावायचा तो लेन्सच्या कडेला, म्हणजे भार मधोमध येतो. "घरी गेल्यावर पैलं ता कडं घाल. आज ह्यांच्याकडचं मागून घेऊ."

दुकानदार बोलका होता. त्याने माझ्याकडे एक नजर टाकली आणि बोटाएवढी बारीक, चकचकीत काठी पुढे केली. "मॅडम, ये लीजिए. पाँच सेक्शन, कार्बन फायबर, एकदम लाइट. लेडीज के लिए बेस्ट है."

"भाई, लेडीज का वजन मत तोलो," भारतीताई म्हणाल्या, "लेन्स का तोलो."

त्यांनी ती काठी पूर्ण उघडली, जमिनीवर टेकवली, दोन्ही तळवे वर ठेवले आणि सगळं अंग तिच्यावर सोडलं. काठी हळूहळू खाली बसू लागली, जशी दमलेली बाई भिंतीला पाठ लावून बसते.

"अरे अरे, टूट जायेगा!"

"टूट जायेगा तो बेचते कायको हो?"

दुकानातलं गिऱ्हाईक आमच्याभोवती जमलं. भारतीताईंना त्याचं काहीच नव्हतं. उलट श्रोते मिळाल्यावर त्या खुलल्या. एकेक मोनोपॉड उघडायचा, कड्या घट्ट करायच्या, वर भार द्यायचा, खालचा सांधा हलतो का बघायचं. जितके सांधे जास्त तितकी सगळ्यात खालची नळी बारीक, आणि सगळा भार शेवटी त्या नळीवर, असं त्या मला सांगत होत्या आणि ऐकत होता सगळा काउंटर. मग मला सरळ उभं करून मोनोपॉड माझ्या डोळ्यांशी लावून बघितला. "वाकून बगायला लागला तर पाठ जाईल. हात वाचवायला पाठ कशाला देतेस?"

शेवटी त्यांनी एक काळाकभिन्न, जाडजूड, अ‍ॅल्युमिनियमचा दांडा पसंत केला. त्यांचा पूर्ण भार त्याने हूं की चूं न करता घेतला. मी तो उचलून बघितला आणि माझा चेहरा पडला. म्हटलं, "ताई, हा लेन्सचं वजन घेईल, पण ह्याचं वजन कोण घेणार? घरापासून खाडीपर्यंत मला चालत न्यायचाय."

मला वाटलं आता व्याख्यान होणार. पण त्यांनी दांडा स्वतः उचलून दोन-तीनदा वर-खाली केला आणि म्हणाल्या, "खरा हाय तुजा. मी माज्या खांद्याचा विचार केला." मग दुकानदाराकडे वळून, "भाईसाब, आपका कार्बनवाला ही दिखाओ. पर मोटा. और जोड कम." आधी ज्याची हेटाळणी झाली होती त्याच जातीचा, पण जाड नळ्यांचा आणि कमी सांध्यांचा मोनोपॉड आतून आला. तो त्यांच्या भाराखाली तसूभर हलला नाही आणि माझ्या डाव्या हाताला पेलवला. वर लेन्स बसवायचं डोकं सगळीकडे गरगरणारं नको, फक्त पुढे-मागे झुकणारं हवं, असं सांगून त्यांनी तेही बदलून घेतलं. निघताना दुकानदार म्हणाला, "दीदी, आप इधर काम पे आ जाओ."

"आवाज कम करना पडेगा क्या?"

"थोडा."

"फिर नहीं."

वस्तू आली, पण मला ती वापरता येईना. एका पायाची ती चीज चारी दिशांना डुलायची आणि तिच्याबरोबर मीही. भारतीताईंनी मला राईतल्या मैदानावर बोलावलं. मुलींचा सराव चालला होता. त्यांनी मुलींच्या रांगेतच मला उभं केलं. "चढाई करनारी कशी उभी राहाते बग. एक पाय पुढं, गुडगा सैल, वजन खाली. मोनोपॉड तुजा तिसरा पाय. त्याला समोर लांब टेकव आनि त्याच्यावर अंग झुकव जरासा. त्याला पकडून ठेवायचा न्हाय, त्याच्यावर इसवायचा." माझा श्वासही त्या मोजायच्या. सोडलास की बटण दाब. आजूबाजूच्या मुली खो खो हसत होत्या, आणि सहा महिन्यांपूर्वी सलाईनच्या बाटलीकडे बघत पडलेली मी त्या लाल मातीत कबड्डीच्या पवित्र्यात उभी होते.

उजव्या हाताला फक्त बोट टेकवण्याएवढं काम उरलं. बाकी सगळं जमिनीने घेतलं. लेन्समधून मी समोर पाहिलं तेव्हा पलीकडच्या मुलीच्या कपाळावरचा घाम दिसला, स्थिर. मी बराच वेळ नुसती बघत राहिले. फोटो काढायचं सुचलंच नाही.

त्यानंतर दर रविवारी त्या मला सामन्यांना नेऊ लागल्या. मी त्यांना पक्ष्यांबद्दल काही सांगायला गेले की म्हणायच्या, "त्यांना ना नाव, ना गाव. मानसांचा काढ." एका स्पर्धेत संयोजकांनी पाहुण्यांच्या खुर्च्या आमच्या समोर आणून मांडल्या. भारतीताई तिथे गेल्या, एक खुर्ची उचलली आणि संयोजकाला विचारलं, "पाव्हने खेलनार हायेत का? न्हाय ना? मग त्यांना सावलीत बसव, बिचाऱ्यांना ऊन लागतंय." पाहुणे स्वतःच हसत उठले.

त्याच दिवशी मला तो फोटो मिळाला. प्राची नावाची एक काटकुळी मुलगी चढाईला गेली होती. चौघी-पाचजणींनी तिला कमरेपासून धरून खाली पाडलं. मैदानावर नुसता ढीग दिसत होता. त्या ढिगातून एक हात बाहेर आला आणि बोटांची टोकं मध्यरेषेला लागली. त्याच क्षणी मी श्वास सोडला होता.

भारतीताईंनी तो फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहिला. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी तो मोठा छापून फ्रेम केला आणि मला घेऊन प्राचीच्या घरी गेल्या. तिचा बाप मुलीला पुढच्या स्पर्धेला पाठवायला तयार नव्हता. दहावी झाली, आता पुरे, असं त्याचं म्हणणं. टेम्पो चालवणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने फ्रेम हातात धरली, बराच वेळ बघितली.

"ही तर पडलेली हाय ह्यात," तो म्हणाला.

"पडलीय," भारतीताई म्हणाल्या. "पन हात बग कुठं पोचलाय. पाचजनी अंगावर हायेत आनि पोरीने गुन आनलाय. तू म्हनशील तर मी तिला घरी बसायला सांगते. पन हा फोटो भिंतीवर लाव आनि रोज बगून सांग तिला, बस म्हनून."

त्याने आतून बायकोला हाक मारली, चहा टाकायला सांगितला आणि भिंतीवर खिळा कुठे आहे ते शोधू लागला. प्राची दाराआडून बघत होती. तिचा चेहरा मला अजून आठवतो.

तिथे थांबल्या असत्या तर त्या भारतीताई कसल्या! चहा पिता पिता त्या म्हणाल्या, "आनि हा फोटो कुनी काढलाय म्हायतीय? ह्या बाईने. कॅन्सरमधून उठून!" घरातल्या सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या, आणि मग, नको तिथे गेल्यासारख्या, पटकन खाली झाल्या.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडले. आयुष्यात क्वचित कुणाशी बोलले असेन तसं बोलले. "ते सांगायचं की नाही हे मी ठरवणार, ताई. तुम्ही नाही." आणि रिक्षा करून घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. भारतीताई दारात, हातात तांदळाच्या भाकऱ्या आणि कोलंबीच्या कालवणाचा डबा. दुखऱ्या गुडघ्याने त्या तीन मजले चढून आल्या होत्या, कारण आमची लिफ्ट बंद होती. आत येऊन बसल्या, पाणी प्यायल्या.

"माज्या तोंडाला झाकन न्हाय," त्या म्हणाल्या. "तुजा होता ता तू सांगायचा. चुकला माजा."

मी डबा घेतला. त्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, "गुडगा गेला ना माजा, तवा गावात मानसं माज्याशी हलू बोलायला लागली. मी समोर आली की आवाज खाली. जसा घरात कुनी गेलाय. मना त्या हलू बोलन्याचा इतका राग यायचा, बाय! म्हनून मी मोठ्याने बोलायला लागली. मोठ्याने बोलला की मानसं पन मोठ्याने बोलतात. तुज्या आजाराचा पन मना तसाच वाटला. मोठ्याने बोलला तर त्याची भीती कमी होल."

माझ्याही घरात सहा महिने सगळे हळूच बोलत होते. सुधीर फोनसुद्धा बाल्कनीत जाऊन घ्यायचा. आम्ही दोघींनी सकाळी दहा वाजता कोलंबी-भाकरी खाल्ली. सुधीर आंघोळ करून बाहेर आला, त्याला त्यांनी त्याच पट्टीत विचारलं, "काय भावोजी, जेवता का?" तो दचकला आणि मग तोही मोठ्याने हसला.

पुढच्या वर्षी माझ्या मोठ्या तपासणीचा दिवस आणि राईच्या मुलींची पालघरकडची स्पर्धा एकत्र आली. प्राचीही संघात होती. भारतीताईंनी निघताना मला दम दिला, "रिपोर्ट आला की फोन कर. न्हाय केलास तर मी डॉक्टरला करीन." रिपोर्ट हातात आला, डॉक्टर म्हणाले सगळं स्वच्छ आहे. हॉस्पिटलच्या पायऱ्यांवर बसूनच मी फोन लावला. पलीकडे शिट्ट्या, ढोल, गलका.

"क्लीन आहे," मी म्हटलं.

"काय?"

"क्लीन! काही नाही आता!"

मग त्या विचारत होत्या, आणि विचारत होत्या हे महत्त्वाचं, "सांगू कं, बाय? हितं सगल्यांना सांगू?"

"सांगा," मी म्हटलं.

फोन तसाच चालू होता. त्यांच्या चपलांचा आवाज, कुणाशी तरी हुज्जत, आणि मग स्पर्धेच्या लाऊडस्पीकरवरून निवेदकाचा घसा बसलेला आवाज, "एक आनंदाची बातमी! आपल्या मुलींचे फोटो काढणाऱ्या भाईंदरच्या अनघाताई आजारातून पूर्ण बऱ्या झाल्या आहेत. जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं अशी शेकडो माणसं टाळ्या वाजवत होती. पायऱ्यांवरून जाणारे-येणारे माझ्याकडे बघत होते. मी रडत होते आणि मला कुणाचीही लाज वाटत नव्हती.

भारतीताई गेल्या त्या गेल्या उन्हाळ्यात. दुपारी जेवून आडव्या झाल्या, उठल्या नाहीत. हृदय थांबलं. अंत्ययात्रेला सगळ्या मुली संघाच्या जर्सीत आल्या होत्या आणि प्राचीच्या बापाने खांदा दिला.

पण मला त्या शेवटच्या दिसल्या त्या त्याआधी काही आठवडे, जेसल पार्कच्या खाडीवर. मी सकाळी मोनोपॉड रोवून उभी होते. ओहोटी होती आणि चिखलावर रोहितांचा, म्हणजे फ्लेमिंगोंचा, थवा उतरला होता. मागून आवाज आला, "थोडा राइट, भैया, थोडा राइट! स्माइल!" लग्नाआधीचे फोटो काढायला भारतीताई एका जोडप्याला घेऊन आल्या होत्या. मला पाहून लंगडत जवळ आल्या. "काय बगतेस रोज? दाखव."

मी बाजूला होऊन त्यांना जागा दिली. त्यांनी डोळा लावला. पक्ष्यांकडे त्यांनी आजवर कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, म्हणून मला वाटलं दोन सेकंदांत बाजूला होतील. त्या झाल्या नाहीत. एक पक्षी मान वाकवून, चोच उलटी धरून चिखलात चालत होता. दुसऱ्याने पंख उघडले आणि आतला गडद गुलाबी रंग दिसला.

"इतकी वर्सं मी नवरा-नवरीला हितं उभी करतंय," त्या म्हणाल्या, "खाडीला पाठ करून. आनि मागं ह्ये उभे व्हते?"

"दर हिवाळ्यात येतात, ताई."

त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. मागून नवऱ्यामुलाने हाक मारली, "मॅडम, रेडी हैं हम." नवरी जड घागरा दोन्ही हातांनी उचलून धरून उभी होती. भारतीताईंनी मान न वळवता एक तळवा मागे केला, थांबा म्हणून. दोन्ही हात मोनोपॉडवर, अंग जरासं पुढे झुकलेलं, दुखरा गुडघा सैल सोडलेला. ऊन चढत होतं, पाणी परत भरायला लागलं होतं, आणि त्या बघत होत्या.